दार नसलेल्या देवाची चोरी

सगळा हिंदू समाज एकदिलाने उभा राहिला तर त्याच्यापुढे कोणाचेही काही चालत नाही, हे वाक्य मी नोकरीच्या काळात अनेक व्यासपीठांच्या पायऱ्यांशी बंदोबस्ताला उभा राहून ऐकले. वक्ते बदलत, वाक्य तेच असे. त्याचा प्रत्यक्ष पुरावा मात्र मला एकदाच पाहायला मिळाला, आणि त्या खेपेला ज्याचे काही चालले नाही ते पोलीस खाते होते. इतकी वर्षे लोटली तरी तो प्रसंग माझ्या मनात ताजा आहे. त्यातले बहुतेक लोक आता हयात नाहीत, पण त्यांची मुले-नातवंडे त्याच गावात राहतात, म्हणून गावाचे किंवा कोणाचेही नाव लिहीत नाही.

एकोणीसशे पन्नासच्या दशकातली गोष्ट. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत आणि आमच्या राज्याची राजधानी नागपूर होती. मूल गावाच्या पलीकडे, वैनगंगेकडच्या धानपट्ट्यात, एका लहानशा ठाण्याचा मी ठाणेदार होतो. ठाणे म्हणजे एक कौलारू इमारत, पुढे ओसरी, आत एक हवालात आणि एक मालखाना. मालखान्यात चोरटे सागवान इतके भरलेले असे की हवालातीपेक्षा तिथेच पहारा जास्त लागे. गुन्हे ठरलेले होते. जंगलातली तोड, मोहाची दारू, बैलांची चोरी, आणि बोडीच्या, म्हणजे धानाला पाणी देणाऱ्या लहान तळ्याच्या, वाटपावरून फुटलेली डोकी. मार्कंड्याची जत्रा आली की आमची निम्मी माणसे तिकडे बंदोबस्ताला जात आणि परत येताना प्रसाद व खोकला घेऊन येत.

हद्दीतल्या एका गावात एक देव होता. देव म्हणजे काळा, ओबडधोबड, कमरेइतका उंच दगड, थोडासा कललेला. तो उघड्यावर, चिंचेखाली होता. गावातले कुणबी, तेली आणि मासेमारी करणारे ढिवर त्याला मारोती म्हणत. गावाशेजारच्या टोल्यावर, म्हणजे वाडीवर, गोंडांची वस्ती होती. त्यांचा धर्म त्यांचा होता, रीती त्यांच्या होत्या, आणि ते त्याच दगडाला भिवसन म्हणत. भिवसन म्हणजे भीम. भीम आणि मारुती दोघेही वायूचे पुत्र, तेव्हा नात्याने भाऊच, आणि त्यावरून भांडण्याचे कारण गावाला कधी सापडले नाही. भांडण होते ते दुसऱ्याच गोष्टीचे. हा दगड पुरात वाहत आला आणि काठावर अडकला, इथपर्यंत सगळ्यांचे एकमत. पुढे तो वर कोणी आणला? कुणबी म्हणत, आमच्या बैलांनी ओढला. ढिवर म्हणत, आमच्या डोंग्यांनी उचलला नसता तर बैल बुडाले असते. टोल्यावरचे म्हणत, दोर आमचा होता. महार मोहल्ला म्हणे की डफडे वाजल्याशिवाय देव जागचा हललाच नाही, आणि डफडे कोणाचे होते ते विचारा. दरवर्षी धान निघाले की देवाला नव्या तांदळाचा नैवेद्य देत. त्याला तिकडे ‘नवं’ करणे म्हणतात. नवं झाल्याशिवाय गावात कोणी नव्या तांदळाचा घास घेत नसे. नैवेद्य दाखवून झाला की सगळे चिंचेखाली बसून ही गोष्ट सांगत, आणि सांगता सांगता कडाक्याचे भांडत. माझ्या पहिल्या वर्षी मी ते ऐकले तेव्हा मारामारी होईल म्हणून शिपाई बोलवायला निघालो होतो. आमचे जमादार त्याच भागातले, पिकल्या मिशांचे. ते म्हणाले, “राहू द्या साहेब. हे त्याहिचं कीर्तन हाये.”

त्या गावात एक संमेलन ठरले. नागपूरहून काही मंडळी आली होती. समाजाची एकजूट व्हावी, विखुरलेल्या परंपरा एका सूत्रात बांधाव्यात, असा त्यांचा हेतू होता, आणि तो वाईट होता असे मी कधीच म्हणणार नाही. त्यांचे चिटणीस शिकलेले, स्वच्छ कपड्यांचे, तळमळीचे गृहस्थ होते. एकच खोड होती. समोर एक माणूस असला तरी ते सभेशी बोलावे तसे बोलत. गावचे जुने मालगुजार, म्हणजे जमीनदार, स्वागताध्यक्ष झाले. मालगुजारी नुकतीच सरकारजमा झाली होती, आणि अध्यक्ष होण्यासारखे दुसरे काही त्यांच्याकडे उरले नव्हते.

चिंचेजवळ त्यांनी सिमेंटचे छोटे देऊळ बांधले. त्याला सागाचे दार बसवले, दाराला पितळी कुलूप लावले. संगमरवरी मारुती धानाच्या तणसात गुंडाळून बैलगाडीने मूलहून आणला. शिवाय एक शिळा कोरून घेतली. तिच्यावर गावाचा इतिहास होता: मालगुजारांच्या पूर्वजाला स्वप्नात दृष्टान्त झाला आणि त्यांनी देवाची स्थापना केली. इतिहास आठ-दहा ओळींचा आणि अत्यंत शुद्ध होता. त्यात बैल, डोंगे, दोर आणि डफडे यांपैकी काही नव्हते. शास्त्रीबुवांनी विधी सांगितला होता की जुन्या दगडातले देवत्व कलशात काढून नव्या मूर्तीत घालायचे आणि दगड सन्मानाने वैनगंगेत सोडायचा. गावाने हे सगळे शांतपणे ऐकून घेतले. कोणी हो म्हटले नाही, नाही म्हटले नाही. चिटणीसांनी त्याची नोंद ‘एकमताने मान्य’ अशी केली.

संमेलन आठवड्यावर आले असताना एके सकाळी चिटणीस ठाण्यात आले. मी रोजनामच्यावर सही करत होतो. दगड चोरीला गेला होता.

देवत्व काढायला जुना देवच नाही, त्यामुळे विधी अडला, आणि पाहुणे म्हणून एक मंत्री येणार होते. चिटणीसांनी फिर्याद लिहून आणली होती, आणि तिच्यात संशयिताचे नावही घातले होते. तो होता टोल्यावरचा भुमक. भुमक म्हणजे गोंडांचा पुजारी. आदल्या संध्याकाळी तो दगडापाशी दिवा लावताना दिसला होता. हे लोक अजून आपल्या प्रवाहात पुरते आलेले नाहीत, त्यांना या दगडाचे पावित्र्य काय कळणार, असे चिटणीस म्हणाले. ज्या दगडाला ते पुढल्या आठवड्यात नदीत टाकणार होते त्याच दगडाबद्दल ते बोलत होते. मी कलम तीनशे एकोणऐंशीखाली चोरीची खबर नोंदवली आणि जमादारांना घेऊन निघालो.

जागेचा पंचनामा लवकर आटोपला, कारण पाहण्यासारखे काही ठेवलेलेच नव्हते. दगडाच्या जागी खड्डा होता. एवढा दगड हलवायला आठ-दहा माणसे आणि दोर तरी लागणार, म्हणजे ओढल्याच्या खुणा हव्यात. खुणा नव्हत्या, कारण खड्ड्यापासून गल्लीच्या टोकापर्यंत शेणाचा ताजा सडा होता आणि त्यावर रांगोळी काढलेली होती. मी बरेच चोर पाहिले, पण काम झाल्यावर जागा सारवून रांगोळी घालणारा पाहिला नव्हता. “दिवाळी आत्ताच झाली ना साहेब,” जमादार गंभीरपणे म्हणाले. मी त्यांच्याकडे पाहिले. ते रांगोळीकडे पाहत होते.

मग जबान्या घेतल्या. कुणब्यांच्या आळीत, ढिवरांच्या घाटावर, तेल्यांकडे, महार मोहल्ल्यात, टोल्यावर. सगळ्यांचे उत्तर एकच: “सांजेले होता, पायटे नोहता. आमी निजलो होतो.” शब्दही तेच, क्रमही तोच. आदल्या वर्षी बोडीच्या मारामारीत याच लोकांच्या जबान्या मी घेतल्या होत्या. तेव्हा मारणारे किती, काठी कोणाची, दिवस होता की रात्र, यांतल्या कशावरही दोघांचे जुळले नव्हते, आणि म्हणून ती जबान्यांची फाइल खरी वाटत होती. माणसे खरे सांगतात तेव्हा प्रत्येक जण आपल्या जागेवरून दिसलेले सांगतो. सगळ्यांना एकाच जागेवरून दिसू लागले की समजावे, त्या जागेवर सगळे आधी बसून आले आहेत.

माझा नेहमीचा खबऱ्या मोहाची दारू गाळायचा. विडी दिली की तो सख्ख्या मेहुण्याचा ठावठिकाणा सांगे. या खेपेला त्याने विडी घेतली, ओढली आणि म्हणाला, “काई मालूम नाई साहेब. आमी निजलो होतो.” हा माणूस रात्रीचा निजत नाही, हे सरकारी कागदावर तीन वेळा सिद्ध झाले होते.

शेवटी भुमकाला भेटलो. वाळलेला, ताठ म्हातारा. छातीत खोकला होता. मी विचारले, “बाबा, दगड कुठे आहे?”

“देव म्हना साहेब.”

“बरं, देव कुठे आहे?”

“देव सगळीकडे रायते, असं तुमचे चिटणीसच काल सांगून राह्यले होते.”

“संध्याकाळी तुम्ही तिथे दिवा लावताना दिसलात.”

“रोजच लावतो. दिसलो नसतो तं चौकशी करा लागत होती.”

चिटणीस शेजारीच उभे होते. त्यांना राहवले नाही. त्यांनी समजुतीच्या सुरात विचारले की तुम्ही आमचे बांधवच ना, तुम्ही हिंदूच ना?  “कोन लिहून राह्यलं त्याच्यावर हाये,” म्हातारा म्हणाला. “मागच्या खेपेले मानसं मोजून लिहिनारा आला होता, त्यानं मले पुसलंच नाई. तुमी पुसलं तरी.” चिटणीसांनी हे कौतुक आहे असे समजून मान डोलावली.

इथपर्यंत प्रकरण गमतीचे होते. पुढे राहिले नाही. सर्कल इन्स्पेक्टरसाहेबांचा निरोप आला की मंत्रीमहोदय येण्यापूर्वी गुन्हा उघडकीस यावा, आणि दगड मिळत नसेल तर निदान संशयित तरी अटकेत दिसावा. कोणाला दिसावा ते निरोपात नव्हते. अटक म्हणजे चांद्याचा तुरुंग. जमादार माझ्याशी एरवी जपून बोलत. त्या दिवशी ते सरळ म्हणाले, “साहेब, तो म्हातारा जंगलाभायेर एक रात निजला नाई. त्याले तिथी ठेवलं तं खोकल्यानंच जाईन. मंग मंत्री कोनाले पायतीन?” मी भुमकाला ठाण्यात आणले, पण अटक केली नाही. रोजनामच्यात ‘चौकशीकामी बोलावले’ असे लिहिले आणि त्याला हवालातीत न घालता ओसरीवर बसवले. हा आडोसा एक-दोन दिवसच टिकणार होता. म्हातारा भिंतीला टेकून खोकत बसला. दगडाबद्दल त्याने पुन्हा तोंड उघडले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी गावच्या पाटलीणबाई बैलगाडीतून आल्या. म्हाताऱ्यासाठी जेवण आणले होते. कुणब्याच्या घरून टोल्यावरच्या माणसाला भरलेले ताट येणे ही रोजची गोष्ट नव्हती. सोबत ढिवरांकडची मासळीही होती, हेही रोजचे नव्हते. बाईंनी माझ्यासाठी आणि जमादारांसाठीही भात आणला होता. पाहुण्याला सोडून एकट्याला वाढणे त्या भागात कोणाला जमत नाही, मग तो पाहुणा आपल्याच माणसाला धरून बसलेला का असेना.

मी पहिला घास घेतला आणि थांबलो. भात मऊ होता, बोटांना चिकटत होता, आणि त्याला तो दुधाळ वास होता. नवा तांदूळ असा शिजतो. जुना मोकळा होतो. हे मला आदल्या वर्षी याच बाईंच्या घरी कळले होते. दिवाळीच्या सुमाराला मी त्यांच्याकडे जेवलो होतो. खळ्यात नव्या धानाचे ढीग पडलेले असताना त्यांनी मला मागल्या वर्षीचा तांदूळ वाढला आणि त्याबद्दल माफी मागितली होती: “नवं झालं नाई साहेब अजून. देवाच्या आंधी कसं वाढू?”

यंदा दगड गेला तेव्हा नवं व्हायचेच होते. मी भुमकाकडे पाहिले. नवं करायचा मान दरवर्षी त्याचाच. देवाला पहिला घास तो दाखवी, मग गाव जेवे. तो शांतपणे, चवीने भात खात होता. मी जमादारांकडे पाहिले. जमादारांनी ताटातून मान वर केली नाही. ते त्याच भागातले. त्यांना पहिल्या घासालाच कळले होते.

“बाई,” मी म्हटले, “नवं झालं वाटतं यंदा?”

“झालं ना,” त्या आनंदाने म्हणाल्या. “काऊन नाई होईन? यंदा धान मस्त...” आणि त्यांचा वाढायचा हात तसाच हवेत राहिला.

 मग म्हाताऱ्यानेच घास गिळून म्हटले, “देवाले देल्ल्याबिगर आमी खात नाई साहेब.”

“कोणत्या देवाला दिलं?”

“गावात एकच हाये.”

“तो तर चोरीला गेला.”

“तुमच्या कागदात गेला,” म्हातारा म्हणाला. “कागदाले नवं द्या लागत नाई.”

विचार केला तर त्यांची योजना चांगली होती. खुणा पुसल्या होत्या, जबान्या पाठ केल्या होत्या, खबऱ्यालासुद्धा वळवला होता. पोलिसांशी खोटे बोलायला त्यांना काहीच वाटले नाही. पण देवाला उपाशी ठेवायचे त्यांना सुचले नाही, आणि पोलिसाला जेवायला न वाढायचेही सुचले नाही. या दोन गोष्टी एकदम केल्या की आपण पकडले जाऊ, हे त्या सगळ्या गावात एकाच्याही डोक्यात आले नव्हते.

मी बाईंना म्हटले की मला मुद्देमाल नको आहे, मला या बाबांना घरी पाठवायचे आहे, आणि त्यासाठी मला खरे काय ते कळले पाहिजे. बाईंनी म्हाताऱ्याकडे पाहिले. त्याने मान हलवली. मग त्या ओसरीच्या खांबाला टेकून खाली बसल्या आणि सगळे सांगितले. दगड सगळ्यांनी मिळून हलवला होता. बैल, दोर, खांदे, प्रत्येक मोहल्ल्याचे काही ना काही होते. डफडे तेवढे वाजवले नव्हते, आणि महार मोहल्ल्याला ते फार लागले होते. दगड धानाच्या पुंजण्यात, म्हणजे कापून रचलेल्या धानाच्या मोठ्या गंजीत, लपवला होता. पुंजणे मालगुजारांचे होते, त्यांच्याच खळ्यातले.

“मालगुजारांचे?” मी विचारले.

“मालकीनबाईनंच म्हटलं, आमच्या खऱ्यात ठेवा, तिथी कोन पायते,” बाई म्हणाल्या. “मालकाले तेवढं सांगतलं नाई कोनी. ते अध्यक्ष हायेत ना.”

मी विचारले की एवढे करण्यापेक्षा सभेत नाही का म्हटले नाही. नव्या मूर्तीशी यांचे वैर होते का? बाई म्हणाल्या की मूर्ती देखणी आहे, असू दे की. मग म्हातारा बोलला, आणि त्या सगळ्या चौकशीतले त्याचे हेच काय ते लांब बोलणे.

“देवाले दार नोहतं साहेब. ज्याले वाटलं तो येत होता. कुनबी आला, महार आला, आमी आलो. कोनी कोनाले पुसलं नाई. आता दार केलं. दार आलं का किल्ली आली. ते किल्ली कोनाच्या कमरेले रायीन, तुमीच सांगा. अन् तो दगडावर लिहिलेला इतियास, त्याच्यात आमी कुठी हावो? आमी तं भांडून भांडून ते गोष्ट जतन केली. यायनं एका दिवसात मिटवून टाकली.”

भुमकाला मी पाटलीणबाईंच्याच गाडीतून परत पाठवले. रोजनामच्यात लिहिले: चौकशीअंती संशयास आधार आढळला नाही. त्यात खोटे काही नव्हते. भाताबद्दल मी लिहिले नाही, एवढेच.

आता दगड जप्त केला तर सारे गाव आरोपी, न केला तर गुन्हा उघडा. मी संध्याकाळी मालगुजारांच्या बैठकीत गेलो. चिटणीस तिथेच होते. मी त्यांना नम्रपणे सांगितले की फिर्यादीत एक गोष्ट राहून गेली आहे, दगडाच्या मालकाचे नाव. मालक नसेल तर चोरी होत नाही.

“समाज मालक आहे,” चिटणीस म्हणाले.

“लिहितो. समाजाच्या बापाचे नाव, वय, धंदा?”

मालगुजार म्हणाले की गावठाण त्यांचे होते, तेव्हा दगडही त्यांचाच. मी आठवण करून दिली की गावठाण आता सरकारचे. मग दगडही सरकारी ठरतो, आणि सरकारी वस्तूतून देवत्व काढायला डेप्युटी कमिशनरांची लेखी परवानगी लागेल. असा अर्ज या आधी कोणी केल्याचे माझ्या माहितीत नाही. चिटणीस पहिल्यांदाच एका माणसाशी बोलावे तसे बोलले: “मग काय करायचं?”

मी म्हटले, तुमचेच म्हणणे धरू. समाज मालक. आणि मालकानेच आपली वस्तू एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवली असेल, तर कायद्याने तिला चोरी म्हणत नाहीत.  चिटणीसांना कळायला थोडा वेळ लागला. मग मी मालगुजारांना सहज विचारले, “मालक, यंदा नवं झालं का घरी?”

“झालं. परवाच जेवलो,” ते म्हणाले. आयुष्य त्याच गावात गेलेले. त्यांना बाकी काही सांगावे लागले नाही. त्यांनी आतल्या दाराकडे पाहिले. दाराआड मालकीणबाई उभ्या होत्या, पण आतून बांगडीचाही आवाज आला नाही. “गावात मलेच तेवढं मालूम नोहतं म्हणा,” ते हळू म्हणाले. राग येईल असे मला वाटले होते. ते उलट हसले, आणि मला ते मालगुजारी गेल्यापासून पहिल्यांदाच हलके झाल्यासारखे वाटले. “ठाणेदारसाहेब, त्या दाराचं काय करता येते?”

दार काढले. सागाचे चांगले दार वाया जाऊ नये म्हणून ते शाळेला दिले. तिथल्या दाराला वाळवी लागली होती. दगड दिवसाढवळ्या, बैल जोडून, टोल्याच्या दोराने ओढत परत चिंचेखाली आणला. या वेळी डफडे वाजले, आणि महार मोहल्ल्याने ते एवढे वाजवले की बैल बिचकले. संगमरवरी मारुती बिनदाराच्या देवळात बसला, दगड बाहेर कललेला बसला. देवत्व काढायचा विधी रद्द झाला. शास्त्रीबुवांनी दक्षिणा घेऊन सांगितले की भावाभावांत वाटणी करू नये, ते शास्त्रातही आहे. शिळा बसवायची राहून गेली. कोणी नको म्हटले नाही, फक्त ती उचलायला कोणाचेच बैल मोकळे सापडले नाहीत.

संमेलन थाटात झाले. मंत्रीमहोदय म्हणाले की हरवलेला देव या गावाने एकजुटीच्या बळावर परत आणला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पायऱ्यांशी बंदोबस्ताला उभा होतो. मीही वाजवल्या, कारण वाक्य खरे होते. चिटणीस निघताना माझ्याजवळ आले.  मग म्हणाले की त्यांनी अनेक गावांत एकजुटीवर व्याख्याने दिली, पण ती आपल्याविरुद्ध झालेली प्रथमच पाहिली. त्या वाक्यासाठी मला तो माणूस आजही आवडतो. सर्कल इन्स्पेक्टरसाहेबांना मी अहवाल पाठवला की फिर्याद गैरसमजुतीने दिलेली होती, वस्तू मालकाच्याच ताब्यात होती, प्रकरण खारीज व्हावे. त्यांनी सही केली. ‘मालक’ कोण हे त्यांनी विचारले नाही.

या प्रकरणाने मला काय शिकवले, असे तरुण अधिकारी विचारतात. सगळ्यांच्या जबान्या जुळल्या तर काठी उगारण्याआधी ते कशाचे रक्षण करत आहेत ते पाहावे, हे एक. दुसरे असे की समाज एका गोष्टीने बांधला जातो हे खरे आहे, पण ती गोष्ट सांगायचा हक्क सगळ्यांचा असावा लागतो. तिची एकच प्रत कोरून भिंतीत बसवली की ती कोणाचीच राहत नाही. त्या गावाची गोष्ट दगडाहून जुनी नसेल कदाचित, पण ती जिवंत होती, आणि तिला जिवंत ठेवण्यासाठी आपसात कधी न पटणारी माणसे एका रात्री एका दोराला लागली होती. भिन्न देवघरांची, भिन्न पानांवर जेवणारी ती माणसे मी पाहिली, आणि एकोपा या शब्दावरचा माझा विश्वास, जो व्याख्यानांनी जवळजवळ संपवला होता, परत आला.

पुढल्या वर्षी नव्याच्या दिवशी त्या गावातून दोन फिर्यादी आल्या. देव लपवला त्या रात्री दोर पुढून कोणी धरला होता, यावरून चिंचेखाली मारामारी झाली होती. एका कुणब्याच्या आणि एका ढिवराच्या डोक्याला टाके पडले. दोघांच्या जबान्या एकमेकींशी कुठेच जुळत नव्हत्या, आणि मी दोन्ही फिर्यादी अदखलपात्र म्हणून नोंदवल्या.